इंजिनातला माणूस

आमच्या सिनेमावाल्या ग्रुपवर त्या महिन्याच्या चित्रपटाचा निरोप आला तेव्हा मी जायचं नाही असं ठरवून टाकलं. इटलीचा जुना, युद्धाच्या काळातला, काळा-पांढरा चित्रपट. एक पाणबुडी समुद्राच्या तळाशी जाऊन बसते आणि आतले खलाशी सुटकेची वाट बघत राहतात, एवढी गोष्ट निरोपातच दिली होती. खाली कुणीतरी हात जोडलेलं चित्र टाकून ‘अप्रतिम निवड’ असं लिहिलं होतं. अप्रतिम कसली डोंबलाची. ज्यांच्या घरातलं कुणी बोटीवर गेलेलं नाही, त्यांना असल्या गोष्टी अप्रतिम वाटतात.

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. लग्न केलं नाही, त्यामुळे संध्याकाळ रिकामीच असते. एका डॉक्टरांनी हा ग्रुप काढला. महिन्यातल्या एका रविवारी कॉलेजच्या छोट्या सभागृहात लॅपटॉप लावून परदेशी चित्रपट दाखवतात आणि नंतर चर्चा करतात. चित्रपट मला आवडतात. चर्चा आवडत नाही, पण चहा तिच्यानंतर असतो म्हणून थांबावं लागतं.

तर जायचं नाही असं ठरवून मी सकाळी चहा घेताना पुतण्याला सहज बोललो, की बघ, या वेळी पाणबुडी बुडवलीय आमच्या डॉक्टरांनी. वहिनी आत भाकरी थापत होती. तिचा हात थांबला ते मला ऐकू आलं. मग ती दारात आली आणि म्हणाली, “भावजी, मला येयाचंय.”

वहिनीने आयुष्यात गाणी नसलेला चित्रपट पाहिला नव्हता. इंग्रजी तिला येत नाही, इटालियन तर मलाही येत नाही. मी म्हटलं, “वहिनी, त्यात बघण्यासारखं काही नाही. सगळी माणसं एका डब्यात बसलेली असणार.”

“पाणबुडी म्हंजे मुद्दाम बुडणारी बोट ना?” तिने विचारलं. “म्हंजे ती परत वर पण येते.”

आई पडवीत बसली होती. तिने हे ऐकलं आणि मान दुसरीकडे वळवली. पुतण्याने माझ्याकडे असं पाहिलं, की आता निस्तरा तुम्हीच.

हे का, ते सांगायला हवं. माझा मोठा भाऊ बोटीवर होता. आमच्याकडे जहाज केवढंही असो, माणूस ‘बोटीवर’च असतो. तो इंजिनात ऑइलर होता. म्हणजे बोटीच्या पोटात, पाण्याच्या पातळीच्या खाली, यंत्रांना तेलपाणी करायचं, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. त्याची शेवटची बोट जुनी होती. परक्या देशाचा झेंडा, तिसऱ्याच देशाचा मालक, आणि खनिजाची ओली माती भरलेली. ती माती समुद्रात हलून हलून पातळ होते आणि एका बाजूला सरकते, हे मला नंतर कळलं. बोट कलंडली आणि गेली. डेकवरची काही माणसं तराफ्यावर सापडली. इंजिनातलं कुणी सापडलं नाही. मुंबईच्या एजंटाने फोनवर ‘बेपत्ता’ असा शब्द वापरला आणि तो शब्द आमच्या घरात येऊन राहिला.

बेपत्ता माणसाचं काय करायचं हे कुणाला नीट ठाऊक नसतं. वहिनीच्या गळ्यात मंगळसूत्र राहिलं. चैत्रात हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही, हे शेजारच्या बायकांना कळेना. पहिल्या वर्षी बोलावलं, दुसऱ्या वर्षी दोघी-तिघींनी बोलावलं, मग आपोआप बंद झालं. कुणी वाईट वागलं असं नाही. फक्त तिच्यासमोर कुंकवाची कोयरी धरताना त्यांचे हात अडखळायचे. वहिनी शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायला जाते. ते काम तिने तेव्हाच धरलं आणि अशा दिवशी मुद्दाम उशिरा घरी यायला लागली.

पितृपक्षात आमच्याकडे म्हाळ घालतात. आजोबा, वडील, सगळ्यांची पानं वाढली जातात. भावाचं पान वाढता येत नव्हतं, कारण तो गेल्याचं कुणी ठरवलं नव्हतं. आई दर म्हाळाला म्हणायची, “माझ्या झिलाला पान नाय मिळत. उपाशी फिरत आसल तो.” बारा वर्षं माणसाची काही खबर आली नाही की त्याचा विधी करता येतो. पालाशविधी म्हणतात त्याला. गुरुजी पळसाच्या देठांचा आणि दर्भाचा माणूस बनवतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, आणि मुलाने त्याला अग्नी द्यायचा. मग तो माणूस गेला असं धरतात. मग त्याचं पान वाढता येतं.

बारा वर्षं होऊन गेली होती. आई दरवर्षी विचारायची, “या वर्षी करूया ना गो?” आणि वहिनी म्हणायची, “नको.” का नको ते सांगायची नाही. आई रडायची, बोलायची, दोन दिवस जेवायची नाही. वहिनी तिला पेज करून द्यायची, पण ‘नको’ तेवढं मागे घ्यायची नाही. आम्ही सगळे समजून होतो, की तिला अजून आशा आहे. कुठल्या तरी बेटावर, कुठल्या तरी तुरुंगात तो असेल असं तिला वाटतं. आशा असलेल्या माणसाशी कोण भांडणार?

पण या वर्षी प्रश्न वेगळा झाला होता. पुतण्याचं लग्न ठरलं होतं. मुलगी चिपळूणची, माणसं चांगली. आता पत्रिका छापायची. पत्रिकेत मुलाच्या नावाखाली बापाचं नाव येतं आणि बापाच्या नावाआधी एक तर ‘श्री.’ लागतं, नाही तर ‘कै.’ लागतं. तिसरं काही मराठीत नाही. प्रेसवाल्याने मसुदा करून दिला होता आणि ती जागा मोकळी सोडली होती. चार दिवसांत सांगा म्हणाला होता. आईने सरळच सांगून टाकलं होतं, की लग्नाआधी विधी उरकायचा, मुलाला पितराचा दोष घेऊन बोहल्यावर चढवायचं नाही. गुरुजींशी ती बोलूनही आली होती. वहिनी ‘नको’ म्हणाली होती. पुतण्या दोघींच्या मध्ये सुकत चालला होता. आणि अशात तिला मुद्दाम बुडणारी आणि परत वर येणारी बोट बघायची होती. मला वाटलं, आता ही आणखी बारा वर्षं वाट बघणार.

तरी मी तिला नेलं. नाही म्हणायचं कुठल्या तोंडाने?

तिने लग्नाला जाताना नेसावी तशी साडी नेसली होती. आम्ही मागे भिंतीलगत बसलो. पंखा कुरकुरत होता. मी तिच्या कानाशी लागून खालच्या इंग्रजी ओळी मराठीत सांगायला लागलो. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी दोनदा वळून पाहिलं. तिसऱ्यांदा वळले तेव्हा मी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते चित्रपट संपेपर्यंत पुन्हा वळले नाहीत. पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलेत मी.

चित्रपटात पाणबुडी सुरुंगाला लागते आणि तळाशी जाऊन एका कुशीवर टेकते. दिवे जातात, एक पिवळट दिवा तेवढा राहतो. काळ्या-पांढऱ्या चित्रपटात पिवळट कसा, असं कुणी विचारेल, पण मला तो पिवळटच आठवतो. हवा पुरावी म्हणून कॅप्टन सगळ्यांना आडवं व्हायला सांगतो. बोलू नका, हलू नका. स्वयंपाक्याकडे एक लिंबू असतं. तो त्याची साल काढतो आणि ती साल एकाकडून दुसऱ्याकडे जाते. प्रत्येक जण नाकाशी धरून पुढे देतो. हे बघताना वहिनीने सुस्कारा सोडला.

मागच्या भागात इंजिनातली माणसं असतात. तिथे पाणी शिरतं. कॅप्टनने मधलं लोखंडी दार बंद केलं नाही तर सगळीच बोट भरणार असते. तो दार बंद करतो. आत राहिलेले दारावर ठोकतात. किती जण जिवंत आहात असं अलीकडून ठोकून विचारलं, की पलीकडून तेवढे ठोके येतात. हे मी वहिनीला कसं सांगितलं मला आठवत नाही. तिनेच माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, “नका सांगू. कळतंय.”

थोड्या वेळाने पुढच्या भागातली माणसं गारठायला लागतात. भिंतींवरून पाणी ओघळतं, तोंडातून वाफा निघतात. गाद्या अंगावर घेऊन एकमेकांना चिकटून बसतात. तेव्हा वहिनी पुढे झुकली.

“तेंना थंडी वाजते काय ओ?”

“हो. खाली समुद्र थंड असतो.”

“इंजिनातल्यांना पण?”

“सगळ्यांनाच,” मी म्हटलं.

ती मागे टेकली. त्यानंतर तिने एकही ओळ विचारली नाही. चित्रपटाच्या शेवटी वरून पाणबुडे येतात, पुढच्या भागातली काही माणसं झडपेतून सुटून वर जातात. बंदरावर बायका उभ्या असतात. ज्यांचे नवरे आले त्या पुढे धावतात. बाकीच्या उभ्याच राहतात आणि त्यांना कुणी काही सांगत नाही. तिथेच संपतो.

दिवे लागले. डॉक्टरांनी बंदिस्त अवकाश आणि मानवी अस्तित्व यावर बोलायला सुरुवात केली. एक बाई म्हणाल्या, की ते लोखंडी दार म्हणजे फॅसिझमचं प्रतीक आहे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दार म्हणजे दार. त्याच्यामागे माणसं असतात आणि त्या माणसांची घरं रत्नागिरीतसुद्धा असतात. पण हे बोलून काय उपयोग? वहिनी म्हणाली, “चला.” चहा न घेता निघालो.

स्कूटरवरून येताना भाट्याचा पूल ओलांडल्यावर तिने मला थांबायला सांगितलं. पडद्याकडे बघून बघून गरगरतंय म्हणाली. समोर पुळणीवर रविवारची गर्दी होती, पोरं भेळ खात होती. आम्ही सुरूच्या झाडांकडे कठड्यावर बसलो. ती कसलीही प्रस्तावना न करता बोलायला लागली.

“ते मेलेत, ते मला पयल्या दिवसापासून ठाऊक हाय ओ भावजी.”

मी तिच्याकडे वळलो.

“एजंट म्हणाला, वरची माणसं मिळाली. मी तवाच वळखलं. इंजिनातला माणूस वर येयाचा नाय. तेनीच मला सांगितलेलं, लग्नानंतर. बोटीला काय झालं तर आमी शेवटचे.”

“मग विधीला नको का म्हणता?” मी विचारलं. माझ्या आवाजात राग होता, तो मला आवरला नाही. इतक्या वर्षांचं आईचं रडणं माझ्या कानात होतं.

तिने भावाबद्दल असं काही सांगितलं, जे मला सख्ख्या भावाला ठाऊक नव्हतं. तो सुट्टीवर आला की रात्रभर तिच्याकडून अंगाला ताक चोळून घ्यायचा. पाठीवर, काखेत, मांड्यांवर घामोळं पिकून जखमा झालेल्या असायच्या. इंजिनात उभं राहिलं की डोळ्यांतलं पाणी सुकतं म्हणायचा. घरी आला की चुलीकडे फिरकायचा नाही, होळीला आम्ही सगळे जायचो तेव्हा हा पोट बिघडल्याचं सांगून घरात बसायचा. आम्ही त्याला आळशी म्हणायचो, बोटीवर जाऊन साहेब झालास म्हणून चिडवायचो. त्याने कधी सांगितलं नाही. आम्ही तरी कुठे विचारलं? बोटीवरचा माणूस म्हणजे आमच्या लेखी साबण, चॉकलेटं आणि अत्तराच्या बाटल्या.

“शेवटचा फोन आलेला ना,” वहिनी म्हणाली, “तवा काय बोलले सांगू? भाजतोय गो, म्हणाले. नुसता भाजतोय. घरी आलो की पयला पाण्यात जाऊन बसतो बघ. उठायचाच नाय.”

एक पोरगा आमच्या समोरून चेंडूमागे धावत गेला. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, “आता बसलेत. थंड बसलेत. आणि तुमी म्हणता, तेंचा पुतळा करू आणि पोराच्या हातानी आग लावू. मी नाय लावू देयाची. जल्मभर आगीतच होते ना ओ ते.”

मी इंग्रजीचा मास्तर, शब्दांवर पोट भरलं, पण त्या वेळी मी नुसती स्कूटरची किल्ली हातात फिरवत बसलो.

“खालचं पाणी थंड आसतं की नाय, एवढंच बघायचं होतं,” ती म्हणाली. “वर गरम आसतं ना आपल्याकडं. म्हणून शंका होती.”

आम्ही घरी आलो. तिने पदर खोचला आणि कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी वहिनी शाळेत गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं. सांगायलाच हवं होतं. प्रेसवाल्याची मुदत संपत होती आणि मला वाटत होतं, की कारण कळलं तर आईचा राग निवेल. सून वेडी आशा धरून बसलेली नाही, आईच्या लेकावर तिची एवढी माया आहे, हे ऐकून तिला बरं वाटेल. आई पडवीत सुपात कुळीथ निवडत होती. मी शेवटच्या फोनपर्यंत सगळं सांगितलं. ती निवडत राहिली. मग तिचे हात सुपातच राहिले.

“म्हंजे तो नाय,” ती म्हणाली.

“आई, हे तूच तर आम्हाला इतकी वर्षं सांगत होतीस.”

“मी सांगायची रे. पण ती नको म्हणायची ना.”

मला कळलं नाही. ती माझ्याकडे न बघता बोलत होती.

“शेवटचं बोलणं तिच्याशी झालेलं. माज्याशी नाय झालं. मला वाटायचं, तिला काय तरी सांगितलेलं आसल. कुठं हाय, कधी येणार. बायकोला सांगतात, आईला नाय सांगत. म्हणून मी विचारायची. विधी करूया का, असं विचारायची. ती नको म्हणाली, की माजं ते वर्ष निघायचं.”

सूप तिच्या मांडीवरून कलतं झालं होतं, ते मी धरलं. मी तिच्याजवळ बसलो. आम्ही ज्याला हट्ट म्हणत होतो, रडणं म्हणत होतो, उपास म्हणत होतो, ते सगळं ती एका शब्दासाठी करत होती. तो शब्द मिळाला की पुढचा म्हाळ येईपर्यंत तिचं पोरगं कुठे तरी जिवंत असायचं. आणि तो आता मी काढून घेतला होता. माझ्या आयुष्यात मला एवढं वाईट क्वचित वाटलं असेल. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. इतकी वर्षं भरपूर रडणारी बाई, त्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब आला नाही.

संध्याकाळी पुतण्या कामावरून आला. आईने त्याला बोलावून जवळ बसवलं. “गुरुजींना सांग, विधी नाय करायचा,” ती म्हणाली. “आणि तुज्या बापसाच्या नावाआधी कै. घाल.” वहिनी आतून बाहेर आली. वहिनीला वाटलं असणार, की आई शेवटी हरली, तिचं ऐकलं. तिने आईचे पाय धरले. आईने का ऐकलं, ते मी तिला सांगितलं नाही. एकीला सांगून काय होतं ते मी सकाळी पाहिलं होतं.

पत्रिका छापून आल्या. आमच्याकडे पहिली पत्रिका देवापुढे ठेवायचा मान घरातल्या मोठ्या माणसाचा. आई चौथी शिकलेली, छापलेलं सावकाश लावून वाचते. तिने पत्रिका पूर्ण वाचली, हळद-कुंकू लावलं आणि देव्हाऱ्यापुढे नेली. मी मागे उभा होतो. तिने ती उघडून देवांसमोर धरली होती, पण उजव्या हाताचा अंगठा एका जागी घट्ट दाबून ठेवला होता. त्याच्याखाली ‘कै.’ झाकलं गेलं होतं.

“आई, कुंकू फिसकटतंय,” मी म्हटलं.

“फिसकटू दे,” ती म्हणाली. “आपण होऊन देवाला कशाला कळवा.”